पाचव्या रांगेतली कडेची खुर्ची

१

शुक्रवारी सकाळी अकराला दहा मिनिटं कमी असताना दैनिकाच्या संदर्भ विभागात एकतीस वर्षांपूर्वीच्या अंकांचा जाडजूड खंड उघडला गेला, आणि पान सातला चक्क खिडकी पडलेली दिसली. खिडकीतून पान नऊवरची टायरची जाहिरात डोकावत होती.

"उंदीर?" पुरवणीच्या उपसंपादिकेनं विचारलं.

"उंदीर सरळ रेषेत खात नाही," ग्रंथपाल काका म्हणाले. "ब्लेड आहे."

उपसंपादिकेला सगळी कचेरी फुटपट्टी म्हणायची. मजकूर ती नजरेनं मोजायची. अकरा सेंटिमीटर म्हणाली की अकराच भरायचा. आत्ता तिनं खिडकी मोजली. त्या चौकोनात 'कुलपाआड' या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाचं परीक्षण होतं, आणि तेच तिला परवाच्या रविवारी पुन्हा छापायचं होतं.

त्या रविवारी 'पाचवी रांग' हे नाट्यपरीक्षणाचं सदर बंद होणार होतं. चाळीस वर्षं ते एकाच माणसानं लिहिलं. त्याला नाटकवाले पाठीमागे 'कात्री' म्हणत आणि समोर आला की उठून उभे राहत. पुढच्या आठवड्यापासून त्या जागी वाचकांनी फोनवरून दिलेले तारे येणार होते. निरोपादाखल कात्रींचं एखादं गाजलेलं परीक्षण छापावं असं संपादकांच्या मनात आलं. 'कुलपाआड' नव्यानं रंगमंचावर येत होतं, म्हणून तेच ठरलं. पान शनिवारी संध्याकाळी पाचला सुटणार होतं.

"दुसरी प्रत?"

"सरकारी ग्रंथालयात. अर्ज केलात तर पंधरा दिवस," काका म्हणाले. "या सालाचं स्कॅनिंग करायचं ठरलंय. ठरून अकरा वर्षं झाली."

फुटपट्टीनं कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. ब्लेड मजकुराभोवती काटकोनात फिरलं होतं. तिथंच न थांबता ते वर गेलं होतं आणि पानाच्या डोक्यावरची तारीखही चिंचोळी पट्टी करून सोबत घेऊन गेलं होतं.

"आठवड्यात कोण कोण आलं होतं खाली?"

काकांनी अभ्यागतांची वही पुढे सरकवली. सोमवारी एक नाव होतं, बुधवारी एक. सोमवारची बाई 'कुलपाआड'ची मूळ नायिका होती. बुधवारचा माणूस तेव्हाचाही निर्माता होता आणि आत्ताचाही.

"आणि कचेरीतलं कोणी?"

"कचेरीतल्यांना सही नसते," काका म्हणाले. "कात्रीसाहेब तर रोजच येऊन बसतात. हल्ली त्यांना घरी करमत नाही."

खंड मिटता मिटता ते जरा रेंगाळले. "काय काम करायची हो ती बाई. शेवटाला पाठ करून बसली होती आपल्याकडे. तोंड दिसत नव्हतं, पण पाठ बोलत होती."

"तुम्ही पाहिलंय हे नाटक?"

"मी?" काका हसले. "मी अख्खं नाटक जन्मात पाहिलेलं नाही. एकसुद्धा नाही."

२

निर्माता तालमीच्या हॉलमध्ये सापडला. दाराशी एक मुलगी फोन तिपाईवर लावत होती. प्रयोग सुटला की प्रेक्षकांना गाठून "कसं वाटलं?" विचारायचं आणि तीस सेकंदांचं उत्तर तासाभरात जगभर पोचवायचं, हे तिचं काम.

"चोरी?" निर्माता म्हणाला. "अहो, मला ते परीक्षण हवं होतं. मी कशाला चोरीन? बुधवारी वाचायला गेलो, तर काका म्हणाले खंड बांधणीला गेलाय."

"बांधणीला?"

"असं म्हणाले. आता गेला असेल नाहीतर नसेल, मी काय त्याच्या मागे जाणार?"

फुटपट्टीनं ते टिपून घेतलं. "समीक्षक संपला असं तुम्हीच मुलाखतीत म्हणालात मागच्या महिन्यात. मग त्याचं वाक्य कशाला हवंय?"

"माणूस संपल्यावरच त्याच्या शब्दाला वजन येतं, ताई. जिवंत समीक्षक म्हणजे कटकट. आज मला ही तीस सेकंदं पुरतात. लोक म्हणतात मस्त, भारी, नक्की बघा. घ्या, झालं परीक्षण." तो थांबला. तिपाईकडे बघत जरा खालच्या आवाजात म्हणाला, "पण एक सांगतो. या 'मस्त भारी'नं आजवर माझी एका रात्रीचीही झोप उडवलेली नाही. कात्री लिहिणार म्हटलं की मात्र पहाटे चारला उठून पेपरची वाट बघायचो."

परीक्षणात काय होतं, हे त्याला शब्दशः आठवत नव्हतं. "जाहिरातीत टाकलं होतं मी एक वाक्य. तुमच्याच पेपरात. त्याच आठवड्यात बघा."

जुन्या सामानातून त्यानं 'कुलपाआड'ची प्रयोगवही काढून दिली. प्रत्येक प्रयोगानंतर रंगमंच व्यवस्थापक तीत वेळा आणि घडलेल्या गोष्टी लिहून ठेवत असे. "नव्या पोरांना दाखवायला आणलीय. हरवू नका म्हणजे झालं."

फुटपट्टीनं बसमध्येच पहिलं पान उघडलं.

पडदा उघडला ७.४०. पहिलं मध्यंतर ८.४०. दुसरं ९.३०. तिसरा अंक सुरू ९.४२. पडदा पडला १०.४०. खाली वेगळ्या शाईत दोन ओळी होत्या: दाराची कडी अडकली. बाई बाहेर गेल्याच नाहीत, बसून राहिल्या.

३

कचेरीत परतल्यावर ती सरळ खाली गेली. ज्यानं परीक्षण कापलं त्याला जाहिरात आठवली नव्हती. चार दिवसांनंतरच्या अंकात ती जशीच्या तशी होती.

'ती दार उघडते, बाहेर पडते आणि मागे वळून पाहत नाही. अलीकडच्या रंगभूमीवरचा सर्वांत धाडसी शेवट. — पाचवी रांग'

फुटपट्टीनं जाहिरातीशेजारी प्रयोगवही ठेवली. एकात बाई दार उघडून गेली होती. दुसऱ्यात दार उघडलंच नव्हतं. आणि दोन्ही नोंदी एकाच संध्याकाळच्या होत्या.

बाकीचं तिच्या नोकरीनंच तिला शिकवलं होतं. परीक्षण दुसऱ्या दिवशी सकाळी छापून आलं. तेव्हा नाट्यपान साडेदहाला छपाईला सुटे. थिएटरपासून कचेरी पंधरा मिनिटं, मजकूर लिहायला किमान चाळीस. पडदा पडला दहा चाळीसला. म्हणजे जो माणूस साडेदहाच्या आत मजकूर देतो, तो साडेनवाला खुर्चीतून उठलेला असतो. दुसऱ्या मध्यंतरात.

कात्रींनी तिसरा अंक पाहिलाच नव्हता.

गेली अकरा वर्षं ती त्यांचा मजकूर लावत होती. स्वतः पाहिलेल्या प्रत्येक नाटकावर तिनं तीनशे शब्द लिहून खणात ठेवले होते, कधीतरी ती खुर्ची आपल्याकडे येईल या आशेवर. आता खुर्चीच उठत होती. आणि चोरीचं कारण कोणाकडे असेल तर ते त्या खुर्चीतल्या माणसाकडे होतं.

"सापडलं काही?" काकांनी पलीकडून विचारलं.

"उद्या सांगते," ती म्हणाली.

४

नायिका आता साठीला टेकली होती आणि शाळेतल्या मुलांना वाचन शिकवायची. शनिवारी सकाळी तिनं दार उघडलं ते खडूच्या हातांनीच.

"मीच कापलं असं वाटतंय ना? बस आधी. सोमवारी मी वाचायलाच गेले होते. इतक्या वर्षांनी तरी राग गेलाय का ते बघायला."

"गेला?"

"नाही गं बाळा. दोन मिनिटांत मिटवला खंड. अक्षर न अक्षर तसंच होतं."

फुटपट्टीनं प्रयोगवही उघडून दाखवली. बाईंनी चष्मा न लावताच वाचली, म्हणजे पाठच होती.

"नाटकाचं नाव 'कुलपाआड', आणि ऐन वेळी कडी अडकली," त्या म्हणाल्या. "दोनदा ओढली. आत गडबड, विंगेतला माणूस हातवारे करतोय. मी बॅग खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि दाराकडे तोंड करून बसले. लोकांकडे पाठ. काय करतेय ते मला माहीत नव्हतं. एवढंच कळत होतं की ही बाई अशीच बसेल. तालमीत ती जाते म्हणत होतो ते खोटं होतं, हे खरं. पडदा पडला आणि मी दिग्दर्शकाला म्हटलं, हा शेवट ठेवू या."

"मग?"

"निर्माता म्हणाला, उद्या पेपर येऊ दे. पेपर आला. 'ती दार उघडते, बाहेर पडते.' त्यानं तो माझ्यासमोर धरला. समीक्षकाला आवडलेला शेवट कोण बदलतो? सुताराला बोलावून कडी दुरुस्त केली. पुढचे एकशे बारा प्रयोग मी दारातून बाहेर पडत राहिले. मागे वळून न बघता." त्यांनी हाताचा खडू झटकला. "मग खरोखरच बाहेर पडले, रंगभूमीवरूनच."

"तुम्ही त्यांना कधी काही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? मी बसले होते, माझी दखल घ्या? असं मागून मिळतं का ते? आणि तेव्हा मला वाटलं, त्यांनी पाहिलं, पण आवडलं नसेल म्हणून गाळलं. ते गेल्याचं नंतर उमगलं. रंगमंचावरून पाचव्या रांगेतली कडेची खुर्ची नीट दिसते. दोन अंक तिथं पांढरा सदरा होता. तिसऱ्यात निळा शर्ट."

"म्हणजे खुर्ची रिकामी नव्हती?"

"छे. कोणीतरी बसलं होतं. पुढे वाकून, दोन्ही हात समोरच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवून. त्याच्यासाठीच मी शेवटची दोन मिनिटं बसले असेन."

५

कात्री संपादकीय विभागातल्या त्यांच्या जुन्या टेबलाशी बसले होते. टेबल रिकामं करायचं काम तीन दिवस चाललं होतं आणि अजून पहिल्याच खणावर होतं.

"सर, 'कुलपाआड'चा तिसरा अंक तुम्ही पाहिलात?"

त्यांनी मान वर केली नाही. "रंगीत तालीम पाहिली होती."

"पहिल्या प्रयोगाचा?"

"फुटपट्टी, तेव्हा सगळेच तसं करायचे. रंगीत तालीम बघायची, पहिल्या प्रयोगाचे दोन अंक बघायचे, पळत येऊन लिहायचं. सकाळी चहाबरोबर परीक्षण नसेल तर तिकीट खिडकी अडायची. तिसरा अंक तालमीवरून. तालमीत होतं तेच प्रयोगात होतं."

"त्या दिवशी नव्हतं, सर."

तिनं सगळं सांगितलं. कडी, खुर्ची, पाठ, सकाळचा पेपर, एकशे बारा प्रयोग. ती बोलत गेली तसा कात्रींच्या हातातला कागद हळूहळू टेबलावर आला. सोंग करणारे लोक त्यांनी आयुष्यभर तपासले होते, आणि फुटपट्टीनं त्यांच्याबरोबर अकरा वर्षं काढली होती. हे सोंग नव्हतं. हा माणूस ही गोष्ट पहिल्यांदा ऐकत होता.

"तो शेवट मी मारला," ते शेवटी म्हणाले.

"परीक्षण कापलंत तुम्ही?"

"मला कारणच आत्ता कळलंय. आधी कळलं असतं तर कापलं असतं की नाही, सांगता येत नाही."

"मग तुमच्या खुर्चीत कोण बसलं होतं?"

"म्हणजे?"

"तिसऱ्या अंकात. निळा शर्ट होता."

कात्री कपाळ चोळत राहिले. "रिकामी खुर्ची नटाला वरून दिसते. समीक्षक उठून गेला हे कळलं की त्याचा अंक पडतो. म्हणून मी पास दारावर ठेवून जायचो, आपल्याच छापखान्यातलं कोणीतरी येऊन बसायचं. वीस-बावीस वर्षं तसं चाललं."

"कोण?"

"विचारलं नाही कधी," कात्री म्हणाले.

फुटपट्टीनं घड्याळ पाहिलं. पावणेदोन. ती जिना उतरून खाली गेली.

६

"काका, निळा शर्ट अजून आहे का?"

काका कार्डं लावत होते. हात थांबला नाही, फक्त सावकाश झाला.

"छापखान्यात सगळ्यांना निळा शर्ट मिळायचा," फुटपट्टी म्हणाली. "तुम्ही आधी तिथं होतात. कालच मला म्हणालात, बाई शेवटाला पाठ करून बसली होती. ती बसली फक्त एकदा. पुढे एकशे बारा वेळा ती बाहेर पडली. ज्यानं बसलेली पाहिली तो त्या एकाच संध्याकाळी तिथं होता."

"मी तुमच्याशी खोटं बोललो नाही," काका म्हणाले.

"नाही. अख्खं नाटक जन्मात पाहिलं नाही म्हणालात, ते खरंच आहे. तुम्ही फक्त तिसरे अंक पाहिलेत."

काका हसले. "बावीस वर्षं. कोण मेला, कोणाचं लग्न मोडलं, सगळं कळायचं. का, ते कधी कळलं नाही. पहिले दोन अंक घरी जाताना मनात रचायचो."

"बुधवारी निर्मात्याला सांगितलंत की खंड बांधणीला गेलाय. बांधणीचा गठ्ठा महिनाअखेरीला जातो. म्हणजे सोमवारी बाई वाचून गेल्या आणि बुधवारच्या आत पान कापलं गेलं. त्यात तारीख. ज्याला मजकूर नष्ट करायचाय तो तारखेसाठी वर कशाला जाईल? तारखेशिवाय कात्रण काढायचं नाही, हे ज्याच्या हातात बसलंय त्याचंच ब्लेड तसं वळतं."

काकांनी खण उघडून पाकीट काढलं. पाकिटावर सुवाच्य अक्षरात नाटकाचं नाव, तारीख, पान आणि रकाना लिहिलेला होता. चोरीचा माल इतका व्यवस्थित नोंदलेला तिनं कधी पाहिला नव्हता.

"त्या सकाळी सांगायला वर गेलो होतो," ते म्हणाले. "साहेबांच्या टेबलाशी तीन माणसं अभिनंदन करत उभी होती. मी छापखान्यातला. परत आलो. सोमवारी बाई आल्या, वाचलं, आणि खंड असा मिटवला की..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "तेच परत छापणार होता तुम्ही, फोटो लावून. बोललो असतो तर जाता जाता साहेबांचं नाव गेलं असतं. गप्प बसलो असतो तर तिचं दुसऱ्यांदा गेलं असतं. म्हणून ब्लेड."

"आता काय छापू मी त्या जागी, काका? पाचला पान सुटतंय."

"तारे लावा आजपासूनच," काका म्हणाले, पण त्यात दम नव्हता.

जिन्यावर पावलं वाजली. कात्री कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते. बऱ्याच पायऱ्या त्यांनी ऐकत घालवल्या असाव्यात. ते आले, काकांच्या समोरची खुर्ची ओढून बसले आणि खिशातून टिपणवही काढली.

"सांग," ते म्हणाले.

"साहेब, मला परीक्षण लिहिता येत नाही."

"लिहायला मी आहे. पाहिलंयस तू. कडी किती वेळा ओढली?"

"दोनदा. दुसऱ्यांदा जोरात नाही. उघडणार नाही हे कळल्यावर ओढतात तशी."

"बॅग?"

"ठेवली. टाकली नाही. आत काचेचं सामान असल्यासारखी ठेवली. मग खुर्ची ओढून बसली. दाराकडे तोंड."

"उजेड?"

"तसाच. दिवेवाल्याला कळेना, त्यानं काहीच केलं नाही. ते बरं झालं."

"आणि मग?"

काकांनी डोळे मिटले. "मग बराच वेळ काही नाही. नंतर डावा खांदा खाली आला. एवढासा. ओझं उतरवल्यासारखा नाही, साहेब. ओझं परत घेतल्यासारखा."

कात्रींचं पेन थांबलं.

"टाळ्या?" त्यांनी विचारलं.

"लगेच नाही. वाजवणं बरं दिसलं नसतं."

साडेचारला मजकूर तयार झाला. वर एकच शब्द होता: दुरुस्ती. खाली लिहिलं होतं, 'या सदरात एकतीस वर्षांपूर्वी "कुलपाआड"च्या पहिल्या प्रयोगाचा शेवट चुकीचा छापला गेला. लिहिणाऱ्यानं तिसरा अंक पाहिलेला नव्हता. ज्यानं पाहिला, त्याच्या सांगण्यावरून तो आज देत आहोत.' मग तो अंक होता, आणि तळाशी दोघांची नावं. संपादकांनी दोनदा वाचलं. "शेवटच्या दिवशी कोणाची नोकरी घालवायची म्हटली तरी उरलीय कुठे," असं म्हणून सही केली.

"छापण्याआधी बाईंना ऐकवायला हवं," फुटपट्टी म्हणाली. तिनं फोन लावला, टेबलावर ठेवला आणि कात्रींनी वाचून दाखवलं.

पलीकडून मग बाई म्हणाल्या, "उजवा."

"काय?"

"खांदा. मला आठवतंय, उजवा होता."

काका हळूच पण ठामपणे म्हणाले, "डावा होता, बाई."

फुटपट्टीनं कात्रींकडे पाहिलं. पाचला अकरा मिनिटं होती. "सर, कोणाचं घेऊ?"

"तिच्या अंगाला आठवतंय ते तिचं," कात्री म्हणाले. "पाहणाऱ्याला दिसलं ते छापायचं. नाहीतर आपण होतो कशाला?" आणि मग फोनकडे वाकून, आयुष्यात कोणत्याही नटाला न विचारलेलं त्यांनी विचारलं. "चालेल ना, बाई?"

"चालेल," बाई म्हणाल्या. "माझी पाठ मला कुठे दिसली होती? म्हणून तर त्या सकाळी तुमच्या पेपरची वाट बघत होते."